पदराखालची तपासणी

सोजरअक्का,

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. पिंगळीला तुमच्या भावानं सगळं रीतीनं केलं असं कळलं. मी आले नाही. परभणीहून एकच तर स्टेशन, आणि मला कुणी अडवलंही नव्हतं. पण आपलं शेवटचं बोलणं भांडणात संपलं होतं. ते भांडण तसंच टाकून तुम्ही गेलात, आणि तुमच्या दारात चार माणसांसमोर बसून रडणं मला जमलं नसतं. मला लोकांसमोर रडता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. बोलताही येत नाही. म्हणून लिहिते आहे.

तुमच्या जागी आलेली नवीन सिस्टर औरंगाबादची आहे. बावीस वर्षांची. हसरी आहे, वेणी घट्ट घालते आणि चालताना चपला वाजवते. ती रोज मला विचारते, "ताई, त्या सोजरबाई बायकांची तपासणी कशी करायच्या? मला दाखवा ना." तुम्ही मला बजावलं होतंत की तिला शिकव. मी म्हटलं होतं, शिकवणार नाही. आपलं भांडण एवढंच होतं, आणि ते अजून मिटलेलं नाही. तुम्ही नसल्यामुळं आता त्यातली दोन्ही बाजूंची वाक्यं मलाच म्हणावी लागतात.

मी दवाखान्यात आले ते राज्य बदललं त्या वर्षी. हैदराबादचं जाऊन मुंबईचं आलं होतं. वडिलांची बदली परभणीला झाली आणि सिकंदराबादच्या ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत शिकलेली मी इथं येऊन पडले. मराठी फक्त घरात बोललेली, तीही जेवताना. दवाखान्याच्या दारावरची उर्दू पाटी खरवडून रंगारी मराठी अक्षरं काढत होता आणि मागच्या अंगाच्या क्षयाच्या खोलीत मला इंग्रजी पत्रं लिहायचं, नळ्यांना चिठ्ठ्या लावायचं काम मिळालं होतं. पहिल्या दिवशी मी दारातच उभी राहिले. तुम्ही बादलीतल्या लाल औषधाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून उभ्या होतात. वर न बघता म्हणालात, "लय शिकलेली पोरगी यायलीय म्हनं. मुकी हाय हे न्हाई सांगितलं कुणी."

दुपारी डबा खाताना तुम्ही न विचारता अर्धी भाकरी माझ्यापुढं केलीत. तुमच्या नखांना त्या औषधाचा तपकिरी रंग कायमचा चढला होता. मी नखांकडं बघते आहे हे तुमच्या लगेच लक्षात आलं. "खा. ह्या हातावर जंतू न्हाई राहत," तुम्ही म्हणालात. "येक येक बोट धुते मी."

ते अगदी खरं होतं. तुमच्याइतकी स्वच्छता मी शाळेतल्या जोगिणींकडंही पाहिली नव्हती. पेल्यांना खुणा केलेल्या, चिमटे दोनदा उकळलेले, रोग्याची चादर काठीनं उचलायची. दवाखान्यातले सगळेच या रोगाला हातांवर, भांड्यांवर, कपड्यांवर शोधत होते, आणि तुम्ही सगळ्यांत जास्त. दाराखिडक्यांचं मात्र उलट होतं. छातीच्या रोग्याला वारा बाधतो म्हणून त्या खोलीची दोन्ही तावदानं बंद असायची.

आमची अडचण बायकांची होती. पुरुष दिलेल्या डबीत खाकरून बेडका टाकत आणि मोकळे होत. बायका टाकत नसत. सासऱ्यादिरांच्या घरात वर्षानुवर्षं खोकला गिळायला शिकलेल्या त्या, परक्या खोलीत डबीत कशा थुंकणार? डब्या कोरड्या परत यायच्या. डबीत काही नाही म्हणजे कागदावर रोग नाही, आणि कागदावर रोग नाही म्हणजे औषध नाही. म्हणून डॉक्टरसाहेबांनी घशाची काडी घ्यायचं ठरवलं. वाकवलेल्या तारेच्या टोकाला ओला कापूस. रोग्यानं तोंड उघडून जीभ बाहेर काढायची, ती फडक्यानं धरायची आणि तार जिभेच्या मागून खाली न्यायची. तिथं तार लागली की माणूस खोकतोच, कितीही दाबलं तरी. त्या खोकल्याबरोबर जे कापसाला लागतं ते नळीत घालायचं. नळ्या मी पेटीत भरायच्या, पेटी गाडीनं मोठ्या प्रयोगशाळेत जायची, आणि तिथं जंतू वाढले की नाही ते आठ आठवड्यांनी कळायचं.

पण बाप्या डॉक्टरपुढं जीभ कोण काढणार? मग त्यांनी ते तुम्हाला शिकवलं. तरी जमेना. बाई एकटी कधी येत नसे. दारात सासू असे, नवरा असे, एखादा दीर असे. एक म्हातारी आपल्या सुनेच्या वतीनं तुम्हाला म्हणाली होती, "अंगात आल्यावर बाई जीभ काढती. शुद्धीत असल्यावर कोन काढंल ओ?"

त्याच दुपारी मी बोलले. हे मला नीट लिहायला हवं, कारण याच्यापुढचं सगळं तिथून निघतं. मी चिठ्ठ्या कापत होते आणि का कोण जाणे म्हणाले, "अक्का, आमच्या शाळेत फोटोवाला यायचा. तो डोक्यावर काळं कापड घ्यायचा. आत काय करतोय ते कुणाला दिसायचं नाही."

तुम्ही हातातला चिमटा ठेवलात. "काळं कापड कशाला? पदर हाय की."

दुसऱ्या दिवशी सेलूची गिरजा आली. जिनिंगमध्ये कामाला होती. तिकडं सगळ्यांनाच खोकला असतो, कापसाच्या कणांनी येतो म्हणतात, त्यामुळं दोन वर्षं कुणी लक्ष दिलं नव्हतं. वय वीस-एकवीस. सासू दारात उभी. तुम्ही गिरजेला स्टुलावर बसवलंत, तिच्या डोक्यावरचा पदर सैल केलात, ओढलात, आणि स्वतःच्या डोक्यावरूनही घेतलात. आत बॅटरी लावली. बाहेरून मला फक्त लुगड्याचा एक ढीग दिसत होता, त्याच्याखाली चार पाय आणि आत हलणारा पिवळा उजेड. आणि तुमचं कुजबुजणं.

"सासूच्या पाठीमागं वाकुल्या दावतीस का न्हाई? खरं सांग."

लुगड्याखालचे गिरजेचे पाय एकमेकांवर चढले.

"मी न्हाई सांगत कुनाला. आता तश्शीच काढ. अजून. अजून लांब. येवढीच दावतीस व्हय म्हातारीला?"

आतून हसू फुटलं, हसण्याचा खोकला झाला, आणि तुम्ही पदर मागं टाकून तार माझ्या हातात दिलीत. सासूनं विचारलं, "काय म्हनलात ओ तिला?"

"देवाचं नाव घे म्हनले," तुम्ही म्हणालात. गिरजा मान खाली घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.

गिरजेच्या नळीत जंतू वाढले. तिला सुया मिळाल्या, गोळ्या मिळाल्या. पुढं दीड वर्षानं ती भरलेल्या अंगाची होऊन आली, तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. तुम्ही ओळखलंत. तिनं ओटीत शेंगा आणल्या होत्या, त्या तुमच्या टेबलावर ओतल्या आणि म्हणाली, "म्हातारी अजून इचारायलीय, त्या बाईनं कोन्च्या देवाचं नाव सांगितलं म्हून."

त्यानंतर बायका येऊ लागल्या. जिंतूरकडून, गंगाखेडकडून, मानवतहून. क्षयाची खोली म्हणत नसत, "पदरवाली बाई कुठं बसती" असं विचारत. मुंबईहून मोठे साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी आमच्या डॉक्टरसाहेबांना विचारलं की बायकांच्या नळ्या इथंच एवढ्या कशा. तुम्ही मला दंडाला धरून पुढं ओढलंत. "ही ह्या पोरीची अक्कल हाय, साहेब." ते मला शाबास म्हणाले. त्या दिवशी जेवताना मी वडिलांना ते आपणहून सांगितलं. जेवताना मी आपणहून काही सांगण्याची ती पहिली वेळ असेल.

मग डॉक्टरसाहेबांनी मला त्यांच्या कपाटातली पुस्तकं झटकून यादी करायला सांगितली. सगळी इंग्रजी. झटकता झटकता वाचायची मला सवय. एका पुस्तकात अर्ध्या पानाचा एक मजकूर होता. क्षयाचा रोगी खोकला की तोंडातून फार बारीक थेंब उडतात, ते हवेतच सुकतात आणि मग खाली पडत नाहीत, तरंगत राहतात. जागा बंद असेल तर पुष्कळ वेळ. घशातून काही काढताना, जिथं रोगी हमखास खोकतो तिथं, काम करणाऱ्यानं तोंडासमोर उभं राहू नये. नाकातोंडावर फडकं बांधावं, बाजूला उभं राहावं, वारं खेळतं ठेवावं, जमलं तर उन्हात करावं.

मी ते तीनदा वाचलं. पलीकडच्या खोलीत तुम्ही काडी घेत होतात. दारातून लुगड्यातला उजेड दिसत होता, आणि कुणीतरी बाई आत खोकत होती. खोकला त्या पदराबाहेर येत नव्हता. म्हणूनच तर त्या तयार होत होत्या.

अक्का, मी तुम्हाला ते आठ दिवसांनी सांगितलं. आठ दिवस का लागले, हे तुम्ही विचारलं नाहीत. मी इथं सांगते. त्या पदराची शाबासकी मला मिळालेली होती, आणि ती परत द्यायला माझं मन होत नव्हतं. लाजाळू माणसाला लोक साधं समजतात, पण त्याला एवढीशी शाबासकीही फार दिवस पुरवायची असते.

सांगितलं तेही चांगलं सांगितलं नाही. "पुस्तकात असं आहे" म्हटलं. "तुम्हाला होईल" असं म्हटलं नाही.

तुम्ही चिमटे उकळत होतात. "हवेत असतंय? मंग तर समद्या परभनीला झालं असतं."

"सगळीकडच्या हवेत नाही, अक्का. बंद जागेत. पदरात."

"मी हात धुते की."

"हातांचा प्रश्न नाही."

"मंग काय, नाक धुऊ?" तुम्ही हसलात. मग माझं तोंड बघून म्हणालात, "बरं. बांध फडकं. बघू तुजं बुक काय म्हनतंय."

मी जाळीच्या कापडाची चौपदरी पट्टी करून तुमच्या नाकातोंडावर बांधली. पहिलीच बाई पाथरीची होती, पोटुशी. तुम्ही फडकं बांधून तिच्यासमोर वाकलात आणि ती स्टुलावरून उठली. ओरडली नाही, भांडली नाही. पदर सावरत एवढंच म्हणाली, "बाईला माजा विटाळ व्हायलाय." आणि गेली. तुम्ही फडकं ओढून तिच्यामागं दारापर्यंत गेलात, नाव घेऊन हाका मारल्यात. ती थांबली नाही.

परत येऊन तुम्ही ते फडकं उकळत्या पाण्यात टाकलंत. "तुजं बुक खरं असंल, माय. पर ती गेली ना."

ती पुन्हा आली नाही. फडकंही पुन्हा बांधलं गेलं नाही.

डॉक्टरसाहेबांना मी सांगितलं नाही. मला पुष्कळ दिवस वाटायचं की त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी एका शब्दात थांबवलं असतं, आणि माझ्या भिडस्तपणापायी ते राहिलं. आता तसंही वाटत नाही. तुम्ही आजारी पडल्यावर मी ते पुस्तक पुन्हा काढलं. त्या मजकुराच्या बाजूला पेन्सिलीची जुनी, फिकट रेघ होती. पहिल्यांदा वाचताना मी ती पाहिलीच नव्हती. डॉक्टरसाहेब वाईट नाहीत. त्यांनाही बरी झालेली गिरजा दिसत होती.

एक गोष्ट मला तुमच्याबद्दल बरेच दिवस खटकत होती. बॅटरी धरून तार चालवताना तुमचे हात अपुरे पडायचे. मी दोनदा म्हटलं, "मी आत येऊन बॅटरी धरू का?" दोन्ही वेळा तुम्ही तोडून बोललात. "तुला कायला? तू भाईर नळ्या धर." मला वाटलं, मी परकी. इंग्रजी शिकलेली, साडीचा पदर खांद्यावर पिन लावून घेणारी. त्या पदराखाली बायकाबायकांचं जे चालतं त्यात मला जागा नाही. मी ते मनात ठेवलं, आणि मनात ठेवलेलं माझ्या वागण्यात दिसतं. काही दिवस मी तुमच्याशी कामापुरतं बोलले.

मग कापूस वेचायच्या दिवसांत तुम्ही डबा घेऊन पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागलात. भाकरी द्यायचं बंद केलंत. मला वाटलं तुम्हीही रागावलात. असेच दोन महिने आपण पायरीच्या दोन टोकांना बसून जेवलो, अक्का. तुमची चोळी खांद्यावर ढिली झाली होती. तुम्ही खोकायला विहिरीकडं जायचात. मी नळ्यांवर दुसऱ्यांची नावं लिहीत होते आणि मला काही दिसलं नाही. दिसलं असेल. मी ते वाचलं नाही एवढंच.

शेवटी डॉक्टरसाहेबांनी तुमची काडी घ्यायला सांगितली. घेणार कोण? बघून बघून हात बसलेली मीच होते. मी स्टूल खोलीत मांडलं. तुम्ही ते उचलून बाहेर ओट्यावर नेलंत, भर उन्हात. मी तुमच्या पदराला हात लावला तशी तुम्ही माझं मनगट धरलंत.

"पदर नगं. उघड्यावर घे. अन् म्होरं नगं हुभी राहू, बाजूला हो. वारं कुठून यायलंय बघ अगुदर."

मी तशीच उभी राहिले. पुस्तकातलं सगळं तुम्हाला पाठ होतं. मी एकदाच, चाचरत सांगितलेलं.

"अक्का, म्हणजे तुम्हाला पटलं होतं?"

"थोडं थोडं."

"म्हणून मला आत घेत नव्हतात?"

"किती इच्यारतीस. घे जल्दी, उन्हानं डोस्कं दुखायलंय."

तुम्ही तोंड उघडलंत. मी बाजूनं वाकून तुमची जीभ धरली आणि तार आत घातली. तुम्ही मान पलीकडं वळवून खोकलात, माझ्यापासून लांब, शेताच्या बाजूला. तुम्हाला एवढं कळत होतं, आणि तरी आदल्या दिवसापर्यंत तुम्ही पदराखाली वाकत होतात. हे मी कुणाला समजावून सांगू? मला स्वतःलाच ते समजत नाही. तुम्ही सती-सावित्रीच्या गोष्टीतल्या बाई नव्हतात. तुम्हाला जगायचं होतं. भावाच्या मुलीचं लग्न बघायचं होतं, हैदराबादला जाऊन एकदा मोठं दुकान आतून बघायचं होतं. मला वाटतं, तुम्ही रोज सकाळी आजच्या दिवसाची तेवढी बाई बघत होतात, आणि रोज कुणीतरी बाई होतीच.

तुमच्या नळीवरची चिठ्ठी मी इंग्रजीत लिहिली. तुमच्या नावाचं स्पेलिंग काय करावं ते मला ठरवता येईना, कारण ते कुणी कधी लिहिलेलंच नव्हतं. आठ आठवड्यांनी जे यायचं तेच आलं. औषधं सुरू झाली. पण ज्या कुणा बाईकडून तुम्हाला हे आलं होतं तिनं आपली औषधं मध्येच सोडली असावीत, असं डॉक्टरसाहेब म्हणाले. तिच्या अंगात तयार झालेले जंतू औषधाला दाद देत नव्हते. तुमच्या अंगातही त्यांनी ती दिली नाही.

पिंगळीला मी तीनदा आले. तुमच्या भावानं मेंढ्यांच्या वाड्याच्या पलीकडं तुमच्यासाठी वेगळं छप्पर घातलं होतं, तीन बाजूंनी उघडं. ते तुम्हीच तसं घालून घेतलं होतंत. तो मला वाटेतच थांबवायचा आणि ओशाळून म्हणायचा, "ताई, ती म्हनती तुमाला लांबच बसवा. राग नका मानू." दहा हातांवर घोंगडी अंथरलेली असायची. तुमची वहिनी माझ्यासाठी चहा आणायची आणि तुम्ही मोठ्यानं बोलायला बघायचात, पण आवाज उरला नव्हता. मेंढ्या मधूनच ओरडल्या की तुमचे शब्द बुडायचे आणि मला "काय?" म्हणायची लाज वाटायची.

तिसऱ्या वेळी तुम्ही विचारलंत, "ह्या महिन्यात किती बाया झाल्या?"

"एकही नाही. तुम्ही गेल्यापासून कुणी जीभ काढत नाही. आता नवीन सिस्टर येणार आहे, औरंगाबादची."

"मंग शिकीव तिला."

"काय शिकवू?"

"काय म्हनजे. पदर."

"शिकवणार नाही."

"कामून?"

"ती बावीस वर्षांची आहे, अक्का."

तुम्ही थोडा वेळ श्वास गोळा केलात. "अन् गिरजा कितीची व्हती?"

उत्तर नसलं की लाजरी माणसं एक तर गप्प होतात किंवा भलतंच बोलतात. मी गप्प राहायला हवं होतं. मी म्हणाले, "अक्का, तुम्ही मरायलात. दिसत नाही का तुम्हाला?"

तुमच्या बोलीत बोलण्याची ती माझी पहिली वेळ.

"दिसायलंय की," तुम्ही म्हणालात. आणि कूस बदललीत. मी उठले तेव्हा पाठमोऱ्याच म्हणालात, "जा. गाडी चुकंल."

गाडीला अजून तासभर होता. मी स्टेशनावर बसून राहिले. परत येऊन तुम्हाला काही म्हणता आलं असतं. काय म्हणायचं ते तेव्हाही सुचलं नाही, आता तर विचारायलाच कुणी नाही.

तुम्ही गेल्याचं कळल्यावर मी पहिलं काम हे केलं की डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ते पुस्तक त्या पानावर उघडून ठेवलं. त्यांनी रेघेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं करू." तुमच्या बोलण्यावर मात करायला मला एवढंच लागलं, आणि तेही तुम्ही गेल्यावर.

आता स्टूल ओट्यावर असतं. दोन खांबांना दोरी बांधून चादरीचा आडोसा केला आहे, वरून उघडा. नवीन सिस्टर फडकं बांधून बाजूला उभी राहते. पुस्तकात आहे तसं सगळं. या बारा दिवसांत नऊ बायका येऊन गेल्या. दोघी आडोशाजवळूनच मागं फिरल्या. पाच जणींनी फडकं बांधलेलं तोंड बघून स्टुलावर बसायला नकार दिला. एक बसली, तार लागताच सिस्टरचा हात झटकून उठली आणि रडायला लागली. सिस्टरला तुमच्यासारखं बोलता येत नाही. ती "तोंड उघडा" म्हणते. फडक्याच्या आडून, बाजूनं, हातभर अंतरावरून वाकुल्यांची गोष्ट कशी सांगायची हे मलाही ठाऊक नाही. मी तिला ती गोष्ट सांगितली होती. ती हसली, पण तिच्या तोंडात ती बसली नाही.

नववी बाई आज आली. पूर्णेकडची, एकटी आली होती, बरोबर कुणी नाही. एकट्या बाईला इथवर येण्यासाठी घरी काय काय सांगावं लागलं असेल. ओठ कोरडे, गालांवर ती लाली जी आता मला लांबून कळते. तिनं आडोसा बघितला, सिस्टरला बघितलं आणि विचारलं, "पदरात घेनारी बाई कुठाय?"

"त्या वारल्या," सिस्टर म्हणाली.

बाईनं हात जोडले. मग म्हणाली, "मंग तू घे की पदरात. मी काडते जीब."

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. तिचा एक हात फडक्याच्या गाठीकडं गेला होता आणि दुसरा त्या बाईच्या पदराकडं. कुणी शिकवलं नव्हतं, तरी तिला कळलं होतं. मी एक शब्द बोलले नसते तरी ते झालं असतं. गप्प राहण्याचीच तर माझी सवय आहे.

मी म्हणाले, "नाही. बाजूनं घ्या."

सिस्टरचा हात खाली आला. बाई माझ्याकडं बघत राहिली. तिला राग आला नव्हता. मी कुठल्या तरी कारणानं तिला नको म्हणते आहे, आणि ते कारण तिच्यातच आहे, एवढं तिला कळलं होतं. "न्हाई बाप्पा," ती म्हणाली. पदर पुढं ओढून ती पायऱ्या उतरली.

दुपारी सिस्टरनं डबा उघडला, घरच्या लोणच्याची फोड मला दिली आणि औरंगाबादच्या कसल्याशा लग्नाची गंमत सांगत खूप हसली. हसताना तिला खोकला आला नाही. अक्का, मी तुमच्याविरुद्ध एवढंच मांडू शकते. तिला खोकला नाही.

पण डबा खाण्याआधी मी त्या बाईच्या मागं गेले होते. फाटकापर्यंत. ती रस्ता ओलांडून पलीकडच्या कडुलिंबाखाली थांबली होती, खोडाला हात लावून, पाठमोरी, आणि पदराचा बोळा तोंडात धरून खोकत होती, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. हाक मारली असती तर ती मागं वळली असती. वळल्यावर तिला काय सांगायचं, ते मला ठाऊक नव्हतं.